पाठीवरचे गाव

कॅटलूचीच्या खोऱ्यात एक रात्र उघड्यावर काढावयाची म्हटली, तरी तिच्यासाठी आधी रीतसर अर्ज करावा लागतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात, दक्षिण अ‍ॅपलाचियन पर्वतराजीत, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या हद्दीवर ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, त्याच्या पूर्व अंगाला हे खोरे. तेथे दुकान नाही, खानावळ नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, रानातल्या तळावर निजू इच्छिणाऱ्याने दर माणशी दर रात्री 8 डॉलर जमा करून, अमुक तारखेस अमुक क्रमांकाच्या तळावर इतकी माणसे उतरतील, असा लेखी परवाना जवळ बाळगावा, असा तेथला दंडक आहे. मोटार पंधरा मिनिटांहून अधिक वेळ उभी करावयाची असेल, तर तिचा दाखला निराळा: दिवसाचे 5 डॉलर, आठवड्याचे 15. उद्यानात शिरण्यास मात्र काही पडत नाही. टेनेसी राज्याने आपला हमरस्ता मध्यवर्ती सरकारच्या स्वाधीन करताना त्यावर कधीही जकात बसवू नये अशी अट घातली होती, आणि त्या अटीचा मान अद्याप राखला जात आहे.

रिकाम्या रानात उतरण्यासाठी एवढा कारभार कशाला, असे कोणी म्हणेल. मला तो कारभार मनापासून आवडतो. तळावर माणसांची संख्या बांधलेली असल्यामुळे ओढ्याच्या काठी रात्री गाणी वाजत नाहीत, हा त्याचा उघड लाभ. परंतु त्याहून सूक्ष्म असा एक लाभ आहे, तो असा की, परवान्याचा अर्ज भरताना माणसास आपल्या प्रवासाचा विचार स्थलकालाच्या चौकटीत बसवून करावा लागतो. ‘डोंगरात जाऊन येऊ’ ही केवळ इच्छा झाली. ‘शनिवारी एक्केचाळीस क्रमांकाच्या तळावर मुक्काम’ हा संकल्प झाला. अर्ज तीस दिवस आधीपर्यंत करता येतो, आणि ऑक्टोबरात, पाने रंगावयास लागली की, शनिवार चटकन भरून जातात, म्हणून संकल्पास थोडी घाईही करावी लागते.

आम्ही दोघे जाणार होतो: मी आणि माझा भाचा. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरी राहतो, तेथून हे खोरे मोटारीने तीन-साडेतीन तासांवर आहे. भाचा नुकताच पुण्याहून या राज्यात शिकावयास आला होता, आणि सह्याद्रीत पुष्कळ भटकलेला असल्यामुळे येथल्या डोंगरांविषयी त्याच्या मनात कुतूहलाइतकाच एक अस्फुट तुच्छताभावही होता, कारण फोटोंतून पाहिलेल्या या गोलसर, झाडांनी गच्च झाकलेल्या डोंगरांस ना कडा ना बुरूज. एका रविवारी दुपारी जेवणाच्या मेजावर मी नकाशा पसरला. खोऱ्यातला रस्ता जेथे संपतो, तेथून रफ फोर्क नावाच्या ओढ्याकाठची पायवाट निघते, ती डोंगराच्या सोंडेवर चढते, पलीकडे कॉल्डवेल फोर्कच्या पाण्याशी उतरते, आणि तेथून आणखी एक धार ओलांडून आपण पुन्हा मोटारीपाशी येतो. सारी मिळून सुमारे 15 किलोमीटरांची फेरी, दोन दिवसांत सावकाश होण्याजोगी. भाच्याने बोट फिरवीत सगळी वाट पाहिली, अंतरे मोजली, चढ मान्य केला, आणि मग विचारले,

“मामा, सगळं ठीक आहे, पण जेवायचं कुणाकडे सांगायचं?”

“कुणाकडेच नाही. तिथं कुणी राहत नाही.”

“मग ही घरं कुणाची?”

नकाशावर वाटेच्या कडेला बारीक काळे चौकोन होते आणि एकापुढे क्रूस होता.

त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. सह्याद्रीत वाढलेल्या भटक्याचा तो पहिला आणि योग्य प्रश्न होता. राजमाचीला जावयाचे तर उधेवाडीत कोणाच्या तरी घरी दोन दिवस आधी फोन करून ठेवावयाचा, हरिश्चंद्रगडाला जावयाचे तर पाचनईत, की इतकी माणसे येत आहेत, पिठले-भाकरी टाका. पाणी कोणत्या टाक्याचे प्यावे, पावसाने वाट कोठे खचली आहे, या सर्वांची माहिती ओसरीवर बसल्या बसल्या मिळावयाची. आणि अंधार पडेतो आपण खाली उतरलो नाही, तर कोणीतरी कंदील घेऊन निघेल ही खातरजमा, कोणी बोलून न दाखविताही, मनाच्या तळाशी असावयाची. आमच्याकडे डोंगराची योजना म्हणजे बहुतांशी माणसांची योजना. येथे तो आधारच नाहीसा झालेला, आणि त्याच्या नाहीसे होण्याची हकीकत त्या काळ्या चौकोनांत होती.

1910 च्या सुमारास या खोऱ्यात बाराशेच्या आसपास माणसे राहत होती. शेते होती, सफरचंदांच्या बागा होत्या, गुरे उन्हाळ्यात डोंगरमाथ्यांवरील गवताळ पठारांवर चरावयास जात. 1898 साली बांधलेले पामर चॅपेल हे प्रार्थनामंदिर होते, आणि बीच ग्रोव्ह नावाची शाळा होती. 1926 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने या पर्वतांत राष्ट्रीय उद्यान करण्यास मंजुरी दिली. मात्र पश्चिमेकडील उद्याने जशी सरकारच्या स्वतःच्या जमिनीवर झाली तशी ही नव्हती, येथली जमीन लोकांची आणि लाकूडतोडीच्या कंपन्यांची होती, आणि ती विकत घेऊन देण्याचा भार त्या दोन राज्यांवर होता. वर्गण्या निघाल्या, शाळकरी मुलांनी पैसे दिले, धाकट्या रॉकफेलरने आईच्या स्मरणार्थ असलेल्या निधीतून पन्नास लक्ष डॉलर दिले. आणि सहा हजारांहून अधिक तुकड्यांतली ती जमीन, कोठे राजीखुशीने, कोठे कोर्टकज्जे होऊन, खरेदी झाली. काही वृद्धांस हयातीपर्यंत राहण्याची मुभा मिळाली, तिच्या मोबदल्यात किंमत कमी. 1934 मध्ये उद्यान स्थापन झाले, 1940 च्या सप्टेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत उभे राहून ते राष्ट्रास अर्पण केले, आणि कॅटलूचीतली वस्ती हळूहळू निघून गेली. घरांपैकी पुष्कळशी पाडली गेली. जी राहिली, ती आता पाहण्यासाठी राहिली आहेत. त्या कुटुंबांचे वंशज मात्र आजही दर वर्षी खोऱ्यात जमतात, त्या चॅपेलमध्ये प्रार्थना करतात, पूर्वजांच्या थडग्यांवर फुले ठेवतात आणि एकत्र जेवतात. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या उठलेल्या गावांतली माणसे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

त्या वस्तीच्याही आधी हे खोरे चेरोकी लोकांच्या शिकारीचे रान होते. 1830 चा हद्दपारीचा कायदा झाला, 1835 चा न्यू एकोटाचा तह झाला, जो त्या राष्ट्राच्या बहुसंख्य लोकांना कधीच मान्य नव्हता, आणि 1838 मध्ये हजारो चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेस मिसिसिपीपार नेण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत मेलेल्यांची संख्या साधारणतः चार हजार सांगतात. जे डोंगरांच्या आश्रयाने मागे राहिले, त्यांचे वंशज उद्यानाच्या दक्षिण सीमेला लागून क्वाला नावाच्या मुलखात आजही राहतात, आणि 2024 साली त्यांच्या मागणीवरून उद्यानातल्या सर्वोच्च शिखरास कुवोही हे त्याचे जुने चेरोकी नाव पुन्हा मिळाले.

माहितीपत्रकांतून ज्या निर्जनतेची स्तुती केलेली असते, ती पर्वताबरोबर जन्मलेली नाही. ती कागदांनी घडविलेली आहे, आणि माझ्या हाती असलेला परवाना हा त्याच दप्तरातला शेवटचा, अगदी निरुपद्रवी असा कागद आहे. हे उद्यान झाले नसते तर लाकूडतोडीच्या कंपन्यांनी उरलेसुरले रानही नेले असते, हे मी जाणतो, आणि उद्यान झाले याचा मला निर्भेळ नसला तरी खरा आनंद आहे. होरेस केफर्ट हा सेंट लुईसमधला ग्रंथपाल सर्व सोडून या डोंगरांत येऊन राहिला, ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ हे 1906 चे भटक्यांचे पाठ्यपुस्तक त्याने लिहिले, पुढे येथल्या रहिवाशांवरही ग्रंथ लिहिला. आणि ज्यांच्या ओसरीवर बसून त्याने हे सारे ऐकले, त्यांच्याच मुलखाचे उद्यान व्हावे यासाठी तो आयुष्याच्या अखेरीपर्यंत झिजला. त्याच्या जोडीला जॉर्ज मासा हा जपानहून आलेला छायाचित्रकार होता. अ‍ॅशव्हिलमधल्या हॉटेलात नोकरी करता करता त्याने या पर्वतांचे वेड घेतले, आणि सायकलचे चाक पुढे ढकलीत, त्यावर बसविलेल्या मापकाने पायवाटांची लांबी मोजीत तो मैलोगणती चालला. 1931 मध्ये केफर्ट मोटारअपघातात गेला, 1933 मध्ये मासा निष्कांचन अवस्थेत; उद्यान झालेले दोघांनीही पाहिले नाही. त्यांच्या नावांची शिखरे आता शेजारी शेजारी आहेत. परमुलखातून आलेल्या माणसाने डोंगरांवर एवढा हक्क सांगावा आणि तो त्याच्या पायांनी सिद्ध करावा, याचे मला, येथे उपराच असलेल्याला, मोठे अप्रूप वाटते.

तर गाव नाही. म्हणून गावाने जे करावयाचे ते सारे पाठीवर घेऊन जावयाचे. तयारी या शब्दाने जो सरंजाम सुचतो, त्याचा उलगडा मला असाच होतो. तंबू म्हणजे परक्याची ओसरी, पाणी गाळावयाचे बोटभर लांबीचे यंत्र म्हणजे विहीर दाखविणारी म्हातारी, नकाशा म्हणजे वाटाड्या पोरगा, आणि वायूची लहान टाकी व तिच्यावर बसणारी चिमूटभर शेगडी म्हणजे चूल. या साऱ्यांचे वजन आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले, कारण माणशी दहा किलोंच्या वर जावयाचे नाही असे ठरले होते. आणि काट्याचा आकडा पाहून भाच्याने आपला जाडजूड सुती सदरा, जो त्याने राजगडापासून वापरला होता, निमूटपणे बाजूला ठेवला. वजनाचे कारण नसते, तरी तो जावयाचाच होता. या पर्वतांत पावसाळा असा नाही. पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला, उंच शिखरांवर वर्षाकाठी 2,100 मिलिमीटरहून अधिक, आणि ऑक्टोबर त्यातल्या त्यात कोरडा असला तरी रात्र गोठणबिंदूच्या आसपास उतरू शकते. आमच्याकडे पावसात भिजणे हा भटकंतीतला उत्सव आहे. येथे भिजलेला सुती कपडा अंगावर राहिला आणि वारा सुटला, तर शरीराची ऊब पाहता पाहता निघून जाते. म्हणून अंगावर लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कापड, आणि पिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिकात गुंडाळलेला, काहीही झाले तरी तंबूत शिरेपर्यंत उघडावयाचा नाही असा एक कोरडा जोड.

शिध्याच्या बाबतीत मसलत लांबली. येथल्या दुकानांत पाणी घालताच जेवण होणारी पाकिटे मिळतात, ती किमतीने भारी आणि चवीने सारखीच. ती घेण्यास माझी पत्नी कबूल होईना. तिने बेसन मंद आचेवर भाजून, त्यात तिखट, मीठ, जिरे, हिंग आणि वाळवून कुरकुरीत केलेला कांदा घालून पिठल्याचे पीठ केले, म्हणजे उकळत्या पाण्यात वैरून हलविले की झाले. भाताऐवजी जाड पोहे, सकाळसाठी मेतकूट आणि तुपात परतलेला सांजा, चहाची पूड साखरेसह एकत्र. पुड्या अशा बांधल्या की एकेक जेवण एकेका पिशवीत, तिच्यावर पाण्याचे माप लिहिलेले. हे सर्व पाहून मी आनंदलो आणि मग माझ्या ध्यानी हिंग आला.

या उद्यानात दीड हजारांहून अधिक काळी अस्वले आहेत, आणि अस्वलाचे घ्राणेंद्रिय माणसाच्या कल्पनेपलीकडचे तीक्ष्ण असते. ते माणसावर सहसा धावून येत नाही. ते येते शिध्यावर, आणि एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की त्याची भीती मोडते आणि बहुधा त्या अस्वलाचाच घात होतो. म्हणून प्रत्येक तळावर दोन झाडांच्या मधोमध, माणसाच्या हाताच्या पुष्कळ वर, पोलादी दोर ताणून बसविलेला असतो. त्यावरून कप्पीने खाली आलेल्या दुसऱ्या दोराच्या आकड्याला आपली पिशवी अडकवावयाची, दोराचे टोक ओढून ती वर न्यावयाची, आणि ते टोक झाडाच्या बुंध्याशी असलेल्या कडीत गुंतवावयाचे. केवळ अन्नच नव्हे. दात घासण्याची पेस्ट, साबण, औषधी मलम, ज्यातून पिठले खाल्ले ते भांडे, वास येणारे जे जे म्हणून असेल ते ते सूर्यास्तापूर्वी वर गेले पाहिजे, आणि तंबूत शेंगदाण्याचे एक टरफलही उरता कामा नये. भाच्याला हे फार गमतीचे वाटले. त्याच्या मते पाचनईत मांजर दुधाला तोंड लावते म्हणून शिंके असते, तसेच हे. मी म्हटले, तसेच. फक्त मांजर दीडशे किलोंचे आहे. हिंग तरीही राहिला, पण पिशवीच्या आत पिशवी आणि तिच्याही आत डबी अशा बंदोबस्तात.

तंबू कोठे लावावयाचा याविषयीचा एक नियम मी त्याला दोनदा सांगितला, कारण सह्याद्रीच्या अनुभवातून तो सुचणारा नव्हता: जमीन पाहण्यापूर्वी वर पाहावयाचे. या डोंगरांतली झाडे एकेका जातीने मरत आली आहेत. 1904 साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीने पुढच्या चार-पाच दशकांत अमेरिकन चेस्टनट हा वृक्ष जवळजवळ नाहीसा केला, ज्याच्या फळांवर या खोऱ्यातली डुकरे पुष्ट होत आणि ज्याच्या लाकडाने इथली घरे उभी राहत. आणि 2002 पासून एका सूक्ष्म, कापसासारख्या पुंजक्यात राहणाऱ्या परदेशी किडीने हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांचा फडशा चालविला आहे. मेलेले हेमलॉक वर्षानुवर्षे उभेच राहतात, राखाडी, सालीविना, आणि मग एखाद्या वाऱ्याच्या रात्री खाली येतात. रफ फोर्कच्या वाटेवर जो तळ प्रथम लागतो, त्याचे नाव ‘बिग हेमलॉक’ असे आहे. आम्ही त्याच्या पुढचा, कॉल्डवेल फोर्कचा, तळ मागितला. त्याच्याजवळ ट्यूलिप पॉप्लरचे काही पुराणवृक्ष आहेत, ज्यांच्या बुंध्याला दोघांची कव पुरत नाही, आणि ते जिवंत आहेत.

तपशील उरला रस्त्याचा. 27 सप्टेंबर 2024 रोजी हेलीन वादळाचा पाऊस या पर्वतांवर कोसळला तेव्हा पिजन नदीने आपल्या घळीतून जाणाऱ्या चाळीस क्रमांकाच्या महामार्गाचे लांबच लांब तुकडे तोडून नेले, तेथली वाहतूक पुन्हा सुरू व्हावयास, तीही एकेका मार्गिकेने, 1 मार्च 2025 उजाडला. कॅटलूचीतल्या रस्त्यांची आणि पुलांचीही हानी झाली. तेव्हापासून कोणतीही योजना करताना पहिला प्रश्न ‘कोठे जावयाचे’ हा नसून ‘कोणती वाट उघडी आहे’ हा असतो, आणि त्याचे उत्तर निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या कचेरीत फोन करून पुन्हा विचारावयाचे असते. ओढ्यांवरचे साकव म्हणजे येथे एकच ओंडका, वरची बाजू तासून सपाट केलेली, एका अंगाला कठडा. पुरात तो वाहून जातो, आणि मग पाण्यात उतरून पलीकडे जावे लागते. त्यासाठी एक जोड हलक्या चपलांचा. वजन आणखी तीनशे ग्रॅमने वाढले.

एल्क या महाकाय हरणांविषयी मी भाच्याला फारसे काही सांगितले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातून नष्ट झालेली ही जात 2001 मध्ये बाहेरून आणून याच खोऱ्यात सोडली, आणि शरदात तिचे नर भल्या पहाटे शीळ आणि हंबरडा यांच्या मधला काहीसा आवाज करतात, तो पुस्तकातून कळण्याजोगा नाही. पंचेचाळीस मीटरांहून जवळ जावयाचे नाही, एवढे मात्र बजावले. गावाच्या शेतांची कुरणे उद्यानाने मुद्दाम राखली आहेत, आणि तेथे आता ही जनावरे चरतात.

सर्वांत शेवटी, आदल्या रात्री, घरी ठेवावयाचा कागद लिहिला. खोऱ्यात मोबाइलला संदेशवहन नाही. कंदील घेऊन निघणारे कोणी नाही. तेव्हा आपण कोठे आहोत हे ज्याला ठाऊक आहे असे एक माणूस मागे पाहिजे, आणि त्याच्या हाती लेखी काहीतरी पाहिजे. मोटारीचा क्रमांक आणि ती कोठे उभी असेल ते, परवान्याचा क्रमांक, तळाचा क्रमांक, दोघांच्या तंबूचे आणि पावसाळी कोटांचे रंग, जातानाची वाट आणि येतानाची वाट, उद्यानाच्या आपत्कालीन मदतीचा फोन. आणि ज्या घटकेपर्यंत आमचा फोन आला नाही तर तो फिरवावयाचा ती घटका. रविवारी दुपारी तीनपर्यंत आम्ही मोटारीपाशी, चारपर्यंत महामार्गाला, असा हिशेब होता. मी उदारपणे रात्री आठ असे लिहिले.

“अहो, आठ म्हणजे काळोख पडल्यावर,” पत्नी म्हणाली. “काळोखात कोण शोधणार तुम्हाला? पाच लिहा.”

“अगं, पाचला आम्ही कुठेतरी चहा पीत असू.”

“मग चहा पिताना फोन करा.”

“मामी, वाटेत मोटारींची रांगही असते,” भाचा म्हणाला.

“तू गप्प बस. तिकडे वन्संना मी काय सांगू?”

साडेपाचवर तोड निघाली. तिने आठाचा आकडा खोडून वर साडेपाच लिहिले, कागद फ्रिजवर चुंबकाने लावला, आणि त्याच्याखाली माझ्या बहिणीचा पुण्याचा नंबरही, भारतात त्या वेळी किती वाजलेले असतील त्याचा हिशेब करून, टिपून ठेवला.